अफिलिएट लिंकचा खुलासा

एखाद्या वस्तूची शिफारस करताना दिलेल्या लिंकवरून खरेदी झाली, की शिफारस करणाऱ्याला विक्रेत्याकडून कमिशन मिळते. अशा लिंकला अफिलिएट लिंक म्हणतात आणि या कमिशनची वाचकाला आधीच दिलेली स्वच्छ कल्पना म्हणजे तिचा खुलासा. विक्री कोणाच्या सांगण्यावरून झाली हे दुकानाला लिंकमधल्या खुणेवरून कळते. वाचकाला ती खूण दिसली तरी तिचा अर्थ लागत नाही, म्हणून तो शब्दांत सांगावा लागतो.

भारतीय जाहिरात मानक परिषद या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी, २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत सरकारी मार्गदर्शक तत्त्वेही आली. पैसे, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, घरचे नाते, असा कोणताही हितसंबंध उघड करणे त्यात अपेक्षित आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरी अडचण भाषेची आहे. बडोद्याच्या मराठी घरात बोलणे मराठीत, भाजी आणणे गुजरातीत आणि मोबाइलवरचे बरेचसे हिंदी-इंग्रजीत चालते. दांडिया बाजारातली एखादी गृहिणी पुरणयंत्र कसे वापरायचे ते अस्सल मराठीत दाखवते. डाळ किती शिजवायची, जाळी कुठली लावायची, सगळे सांगते. खाली मात्र हॅशटॅगांच्या गर्दीत ‘ॲफ’ (‘अफिलिएट’चे लघुरूप) एवढेच लिहिलेले असते. तिचे ऐकून यंत्र मागवणाऱ्या आजींना त्यातून काही कळत नाही, आणि ज्याला कळायला हवे त्यालाच कळले नाही, तर तो खुलासा झालाच नाही. ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत खुलासा हवा. इंग्रजीसह आठ भाषांतला राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश १९३१ मध्ये छापणाऱ्या या शहरात तर त्यासाठी शब्द शोधत बसावे लागू नये. ‘कमिशन’ मराठीत आणि गुजरातीत सारखेच समजते, ‘दलाली’सुद्धा.

साधे वाक्य पुरते: ‘या लिंकवरून यंत्र घेतलेत तर मला कमिशन मिळते.’ किंमत तेवढीच राहते याची खात्री असेल तरच ‘तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत’ असे जोडावे. ‘आमच्या कामाला पाठिंबा द्या’ हे खुलाशाच्या जागी चालणार नाही, कारण त्यात पैशाचा उल्लेखच येत नाही. वाक्य लिंकच्या आधी, ‘आणखी वाचा’ न दाबता दिसेल असे हवे. वेबसाइटच्या तळाशी किंवा ‘आमच्याविषयी’ या पानावर ते ठेवणे म्हणजे लपवणेच.

व्हिडिओसाठी परिषदेने वेळही ठरवून दिली आहे. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खुलाशाचे लेबल किमान ३ सेकंद, २ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ, आणि त्याहून मोठ्या व्हिडिओत वस्तूची जाहिरात चालू असेपर्यंत दिसले पाहिजे. तरीही ते तोंडाने बोलून दाखवणे अधिक चांगले. पुरणयंत्राचा व्हिडिओ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो तेव्हा खालचा मजकूर मागेच राहतो; पुढे जातो तो फक्त आवाज आणि चित्र. शिवाय स्वयंपाक करता करता पाहणाऱ्यांचे हात पिठाचे असतात, कान मात्र मोकळे असतात.