स्वपाठ (विज्ञानकथात्मक युद्धखेळातील)

स्वपाठ : टेबलावर छोट्या प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या विज्ञानकथात्मक युद्धखेळात प्रकाशकाने पुरवलेल्या कथाविश्वातील मोकळ्या जागा, विसंगती आणि अनुत्तरित प्रश्न खेळाडू आपापल्या कल्पनेने भरून काढतो आणि निदान आपल्या सेनेपुरती ती कथा खरी मानून चालतो. अशा खासगी अर्थनिर्णयाला स्वपाठ म्हणता येईल. खेळाडूंच्या बोलण्यात यासाठी ‘हेडकॅनन’ हा शब्द रूढ असून मूळ कथाविश्वाला सरसकट ‘लोर’ म्हटले जाते. जुन्या पोथ्यांच्या संदर्भात मराठी वाचकाला ‘पाठभेद’ ही संज्ञा परिचित असल्याने येथे तिच्या धर्तीवरचा शब्द योजला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वॉरहॅमर ४०,००० या खेळाचा, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठीभाषक खेळाडू त्याच्याकडे कसा पाहू शकतो याचा विचार केला आहे.

‘कॅनन’ म्हणजे प्रमाण मानलेला ग्रंथसंग्रह. हा मुळात धर्मशास्त्रातला शब्द लोकप्रिय कथासाहित्याला लावण्याची प्रथा शेरलॉक होम्सच्या चाहत्यांमध्ये रुजली, आणि तिची सुरुवात रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १९११ मधील एका विनोदी व्याख्यानापासून धरली जाते. प्रमाण पाठ आला की त्याच्या शेजारी अप्रमाण पाठ येणारच.

वॉरहॅमर ४०,००० हा खेळ इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची मूळ रचना रिक प्रीस्टली यांची. दोन खेळाडू आपापल्या सेना समोरासमोर मांडतात, इंचपट्टीने अंतर मोजून त्या हलवतात आणि सहा बाजूंचे फासे टाकून हल्ल्याचा निकाल लावतात. प्रचलित नियमांनुसार नेहमीचा सामना २,००० गुणांच्या सेनांचा आणि ६० × ४४ इंचांच्या पटावर होतो. इथपर्यंत तो केवळ खेळ आहे. परंतु प्रत्येक सेनेमागे नियमपुस्तिका, ‘कोडेक्स’ नावाची सेनापुस्तके आणि कंपनीच्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक लायब्ररी या प्रकाशनाने काढलेल्या कादंबऱ्या यांतून वाढत गेलेले एक अवाढव्य कथाविश्व उभे आहे. इसवी सनाच्या एकेचाळिसाव्या सहस्रकात मानवाचे साम्राज्य सुमारे दहा लाख ग्रहांवर पसरलेले आहे. त्याचा सम्राट दहा हजार वर्षांपासून सुवर्णसिंहासनावर ना धड जिवंत ना धड मृत अशा अवस्थेत बसून आहे. मला देव मानू नका असे सांगणाऱ्या त्याच सम्राटाची प्रजा आता देव म्हणून पूजा करते आणि न करणाऱ्याला जाळते.

या कथाविश्वाचे वैशिष्ट्य असे की ते नेहमीच त्रयस्थ निवेदकाच्या तोंडून येत नाही. सेनापुस्तकातला मजकूर अनेकदा साम्राज्यातल्याच कुणा लेखनिकाचा अहवाल, धर्माधिकाऱ्याचे प्रवचन किंवा विजयी सेनापतीची बढाई असतो. त्यामुळे तो मजकूर छापील आणि अधिकृत असूनही सत्य असेलच असे नाही. बखर वाचण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. बखरकार कुणाच्या पदरी होता, त्याने आकडा किती फुगवला आणि कोणता प्रसंग गिळला हे पाहूनच आपण बखर वाचतो, आणि तरीही ती टाकून देत नाही. कथाविश्वातली ‘अमुक युद्धात एकही सैनिक मागे हटला नाही’ छापाची वाक्ये त्याच नजरेने वाचली, तर स्वपाठाला लागणारी पहिली फट तिथेच सापडते.

काही फटी मुद्दामच उघड्या ठेवल्यासारख्या दिसतात. सम्राटाने स्पेस मरीन योद्ध्यांच्या वीस पलटणी उभारल्या, पण त्यांपैकी दुसरी आणि अकरावी यांची नोंद दप्तरातून पुसून टाकली आहे. त्यांची नावे, त्यांचा गुन्हा वा दुर्दैव कंपनीने आजवर उघड केलेले नाही. दुसरे उदाहरण साध्या हिशेबाचे. हॉरस या सम्राटपुत्राने केलेल्या बंडानंतर रोबूट गिलिमन या दुसऱ्या सम्राटपुत्राने पलटणी फोडून प्रत्येकी हजार योद्ध्यांचे ‘चॅप्टर’ केले आणि असे सुमारे हजार चॅप्टर अस्तित्वात आहेत असे सांगितले जाते. हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. ग्रहही दहा लाख. म्हणजे दर ग्रहामागे एक योद्धा, आणि तरी साम्राज्य टिकून आहे. यावर कुणी म्हणतो की हजाराची मर्यादा कागदावरच पाळली जाते, कुणी म्हणतो की ग्रहांचा आकडा कर वसूल करणाऱ्यांनी फुगवला आहे, तर कुणी सरळ म्हणतो की लेखकांचे गणित कच्चे होते. तिसरे उत्तर बहुधा बरोबर असावे, पण खेळाच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे. शिवाय हजारांपैकी थोड्याच चॅप्टरांची नावे छापून आलेली असल्याने उरलेल्या शेकडो जागा खेळाडूच्या स्वतःच्या रंगासाठी, चिन्हासाठी आणि नावासाठी मोकळ्या राहतात.

दुसऱ्या प्रकारच्या फटी कंपनीने आपलेच लिखाण बदलल्यामुळे पडतात. स्क्वॅट नावाचे अंतराळातील बुटके १९९० च्या दशकात खेळातून नाहीसे झाले, आणि २०२२ मध्ये लीग्ज ऑफ व्होटान या नावाने नव्या रूपात परतले. नेक्रॉन हे धातूच्या देहाचे मृतवत योद्धे आधी तारादेवतांचे मूक गुलाम होते. २०११ च्या सेनापुस्तकाने त्यांना राजघराणी, मानापमान आणि स्वभाव दिला, आणि त्यांनी त्या देवतांविरुद्ध बंड करून त्यांचे तुकडे केल्याचे सांगितले. २०२४ मध्ये सम्राटाच्या अंगरक्षकांमध्ये, म्हणजे कस्टोडीसमध्ये, स्त्रिया असल्याचे प्रथमच छापून आले आणि त्या आधीपासूनच होत्या असे कंपनीने जाहीर केले. अशा वेळी जुन्या खेळाडूपुढे प्रश्न उभा राहतो, कारण ज्याने मूक गुलामांची सेना रंगवली आहे त्याने तिला एका रात्रीत बोलते करायचे काय? बहुतेक जण आपले घराणे अजून पुरते जागे झालेले नाही असा स्वपाठ रचून मोकळे होतात. तो उत्तम आहे, कारण त्यात नवे नाकारलेले नाही आणि जुनेही गमावलेले नाही.

स्वपाठ पुष्कळांनी उचलला की तो जणू मूळ पाठच वाटू लागतो. ऑर्क या हिरव्या लढवय्यांच्या सामूहिक मानसिक शक्तीमुळे त्यांची वेडीवाकडी यंत्रे थोडी बरी चालतात, इतके मूळ लिखाणात आहे. लाल वाहन जास्त वेगाने धावते अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि काही आवृत्त्यांत लाल रंग दिलेल्या वाहनाला खरोखरच एक इंच जास्त चाल मिळत असे. चाहत्यांनी यावरून ऑर्कांनी मनात आणले तर काठीचीही बंदूक होते इथपर्यंत मजल मारली. नवा खेळाडू हे अधिकृत समजूनच शिकतो. म्हणींचा मूळ प्रसंग विसरला जाऊन भलताच प्रसंग चिकटावा, तशातलाच हा प्रकार.

सीमाभागातील संदर्भ : बेळगावात वाढलेल्या मुलाला छोट्या सैनिकांची मांडणी नवी नसते. दिवाळीच्या सुट्टीत दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला करायचा, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची, बाजारातून आणलेले मावळे बुरुजांवर ठेवायचे आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराजांची मूर्ती बसवायची. प्रमाणाचा हिशेब नसतो. दिंडी दरवाजापेक्षा पहारेकरीच उंच असतो. पण कथेचा हिशेब असतो. हात तुटलेला मावळा फेकला जात नाही, तो मागच्या लढाईत जखमी झालेला म्हणून चोरवाटेवर नेमला जातो, आणि पुढच्या वर्षी खोक्यातून बाहेर निघाला की कुणी न सांगता पुन्हा तिथेच उभा राहतो. स्वपाठाची सगळी कृती एवढ्यात आली. तलवार मोडलेल्या स्पेस मरीनला जुन्या वेढ्यातला वाचलेला वीर ठरवणारा महाविद्यालयीन खेळाडू वेगळे काही करत नाही.

कथाविश्वाच्या अर्थात मात्र इथल्या मातीने खरा फरक पडतो तो ॲडेप्टस मेकॅनिकस या पंथाच्या बाबतीत. मंगळावर केंद्र असलेला हा यंत्रपूजकांचा पंथ. विज्ञान हरवले आहे, उरले आहेत ते विधी. तंत्रपुरोहित यंत्राला पवित्र तेल लावतात, धूप दाखवतात, मंत्र म्हणतात आणि मगच कळ दाबतात, कारण प्रत्येक यंत्रात एक आत्मा आहे व तो रुसला तर यंत्र बंद पडते अशी त्यांची श्रद्धा आहे. हा मूळ लिखाणात उपहास आहे. ज्ञान सुकून गेल्यावर उरलेली पोकळ पूजा असे त्याचे चित्र आहे, आणि इंग्रज वाचक त्याकडे तसेच पाहतो.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीत किंवा लेथच्या शेडमध्ये खंडेनवमीला गेलेल्या माणसाला हे चित्र वेगळे दिसते. त्या दिवशी यंत्रे बंद असतात. आदल्या दिवशीच लोखंडाचा कीस झाडून, लेथचे चिकट झालेले बेड रॉकेलने पुसून त्यांवर नवे तेल फिरवलेले असते. लेथच्या ‘चक’ला हळदकुंकू लागते, हँडलला झेंडूचा हार पडतो, व्हर्नियर आणि पाने एका पाटावर मांडले जातात, दारात कोहळा फुटतो. पूजा करणारा तोच फिटर दुसऱ्या दिवशी बेअरिंगचा आवाज ऐकून बिघाड नेमका कुठे आहे ते सांगतो. त्याचे ज्ञान सुकलेले नसते आणि पूजाही पोकळ नसते. अशा घरातला खेळाडू तंत्रपुरोहिताला अडाणी समजत नाही. तो त्याला कृतज्ञ कारागीर समजतो, आणि तेल लावण्याचा विधी हा देखभालीचाच पाठ आहे, मंत्र म्हणजे विसरू नये म्हणून छंदात बांधलेली कार्यपद्धती आहे, असा स्वपाठ मांडू शकतो. मूळ मजकुरातले एक अक्षरही न बदलता त्याचा रोख उलटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा स्वपाठ मूळ कल्पनेपेक्षा अधिक संपन्न आहे, कारण त्यामुळे ‘यंत्रे अजून चालतात कशी’ या मूळ लिखाणाने टांगून ठेवलेल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

साहित्यही कथा घडवते. प्रतिकृतीच्या पायथ्याच्या चकतीवर जमीन दाखवावी लागते. विकतचे पोतलेप महाग, आणि खानापूरकडची तांबडी माती फुकट. ती उन्हात वाळवून, चहाच्या गाळणीने गाळून, फेव्हिकॉलमध्ये कालवून थापली की उत्तम लाल भूमी तयार होते. मग त्या ग्रहाची माती लाल का, तिथे लोखंड आहे का, असेल तर मंगळाच्या पुरोहितांचा त्यावर डोळा कसा नाही, असे प्रश्न आपोआप सुटत जातात, आणि सेनेचा इतिहास रंगकामानंतर लिहिला जातो. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बेळगावच्या ओलसर हवेत फवाऱ्याचा अस्तररंग अनेकदा खरखरीत बसतो. त्याचे खापर ग्रहावरच्या वाळूच्या वादळांवर फोडल्याचे उदाहरण हसण्यावारी नेता येईल, पण पद्धत तीच आहे.

साम्राज्याच्या साध्या पायदळाच्या, म्हणजे ॲस्ट्रा मिलिटेरमच्या, पलटणी ज्या त्या ग्रहाच्या नावाने आणि वेषाने ओळखल्या जातात. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, आणि या रेजिमेंटची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते. तेव्हा इथल्या खेळाडूला डोंगरी ग्रहावरची, हलक्या शस्त्रांनी वेगाने चालणारी पलटण सुचणे स्वाभाविक आहे. येथे थोडी सावधगिरी हवी. या कथाविश्वातले साम्राज्य आपल्याच सैनिकांना पळाले म्हणून गोळ्या घालणारे, क्रूर आणि मूर्ख राज्य आहे. ते आदर्श नाही, उपहासाचा विषय आहे, हे कंपनीने २०२१ मध्ये निवेदन काढून स्पष्ट केले. हयात रेजिमेंटचे नाव, चिन्ह किंवा महाराजांचा जयघोष जसाच्या तसा त्या साम्राज्याच्या पदरी बांधला तर उपहासाचे शिंतोडे भलत्याच ठिकाणी उडतात. चाल, भूगोल आणि शिस्त घ्यावी, नाव स्वतःचे ठेवावे, हा मार्ग बरा.

मर्यादा : स्वपाठ नियम बदलू शकत नाही. आपला सेनापती अजिंक्य आहे असे कथेत कितीही लिहिले तरी फाशावर एक पडला की तो पडतो, आणि मग तो बेशुद्ध झाला होता, मेला नव्हता, एवढीच सोय कथेला उरते. दुसरी मर्यादा समोरच्याची. दोन खेळाडूंनी हरवलेल्या दुसऱ्या पलटणीचे वंशज म्हणून आपापल्या सेना आणल्या, तर त्या एका टेबलावर खऱ्या कशा, याचा तोडगा खेळापूर्वी बोलूनच निघतो. ‘तुझं तुझ्या दप्तरात खरं, माझं माझ्या, असंच असतंय की’ हा बेळगावी तोडगा सहसा पुरतो. तिसरी मर्यादा कायद्याची. घरच्या टेबलावर काहीही मानावे, पण चाहत्यांनी या कथाविश्वावर चित्रपट वा चलत्चित्रे बनवण्याला कंपनीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केली आहे.

भाषेचा प्रश्न यात शेवटी येतो, पण तो किरकोळ नाही. नियम इंग्रजीत, वाद मराठीत, आणि समोरचा मित्र कन्नडभाषक असेल तर आकडे आणि चेष्टा दोन्ही भाषांत, असे टेबल सीमाभागात सहज जमू शकते. साम्राज्याच्या दप्तरात ग्रहाचे एक नाव असते आणि तिथले रहिवासी त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतात, हे मूळ कथाविश्वात अधूनमधून आढळते. ज्या शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झाले आणि मराठी घरांत बेळगावच राहिले, तिथला खेळाडू आपल्या ग्रहाला दोन नावे देतो तेव्हा त्याला खुलासा जोडावा लागत नाही. सेनेच्या पत्रकावर एक नाव वर लिहिलेले असते, दुसरे त्याच्या खाली.