आधी विचारायचे प्रश्न : आत्महत्येची जोखीम मोजणाऱ्या प्रश्नावल्या मराठवाड्यापर्यंत कशा आल्या

मराठवाड्यात आत्महत्येचा कागद बराच काळ माणूस गेल्यावरच लिहिला गेला. पंचनामा, सातबारा, सोसायटीचा किंवा बँकेचा कर्जाचा दाखला, तलाठ्याचा अहवाल आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा शेरा : पात्र किंवा अपात्र. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा हे निकष लागले तर एक लाखाची मदत. तो माणूस वर्षभरापूर्वी काय बोलत होता, त्याची झोप कधीपासून उडाली होती, हे विचारायला या कागदात जागा नव्हती. जिच्या नावावर जमीन नाही अशा बाईची तर शेतकरी म्हणून नोंदही होत नव्हती.

मृत्यूच्या आधी विचारायचे प्रश्न गावोगाव पोहोचले ते २०१५ च्या दुष्काळात. राज्याच्या आरोग्य विभागाने चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात विदर्भातले सहा जिल्हे होते आणि मराठवाड्याचे आठही. आशा कार्यकर्तीने घरोघरी जायचं, काही प्रश्न विचारायचे आणि ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसतील त्यांना दवाखान्यापर्यंत पोहोचवायचं, अशी ती योजना. त्याच वर्षी यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झालं. पुढे तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांच्या काळात सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांचं सर्वेक्षण झालं. २०२३ मध्ये त्यातला एक आकडा सगळीकडे छापून आला : लाखाहून अधिक जण आत्महत्येच्या विचारात.

या आकड्याने माणसं हादरली, आणि हादरायलाच हवं होतं. पण हा आकडा नेमकं काय सांगतो? प्रश्नावलीने एखाद्याला ‘धोक्यात’ म्हटलं, तर तो खरंच किती धोक्यात असतो? हा प्रश्न मराठवाड्यातल्या पहिल्या प्रश्नावलीहून साठ वर्षं जुना आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट रोझेन यांनी १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की विरळ घडणाऱ्या गोष्टीचं भाकीत करताना चांगली चाचणीसुद्धा तोंडघशी पडते. त्यांचा मुद्दा आपल्याकडच्या आकड्यांवर तपासून पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात दर लाख लोकसंख्येमागे १२.४ मृत्यू आत्महत्येने झाले. समजा, एक लाख माणसांना आपण अशी प्रश्नावली दिली जी धोक्यातल्या शंभरांपैकी ऐंशी जणांना बरोबर ओळखते आणि सुरक्षित शंभरांपैकी ऐंशी जणांना बरोबर बाजूला काढते. बारापैकी साधारण दहा जण तिच्या नजरेत येतील. पण त्यांच्यासोबत सुमारे वीस हजार अशी माणसं येतील जी त्या वर्षी आत्महत्येने जाणार नव्हती. म्हणजे ‘धोका’ असा शिक्का बसलेल्या दोन हजारांत एक. आणि उरलेले दोघे ‘सुरक्षित’ म्हणून घरी जातील.

तरीही मोजपट्ट्या निघत राहिल्या, कारण गरज खरी होती. फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९७४ मध्ये हताशा मोजणारी श्रेणी आणि प्रयत्नामागचा हेतू मोजणारी श्रेणी आणली. १९८५ मध्ये त्यांनी दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष मांडले. आत्महत्येच्या विचारांमुळे भरती झालेल्या रुग्णांमध्ये पुढे जे दगावले, त्यांतल्या बहुतेकांचे हताशेचे गुण आधीच जास्त होते. ‘पुढे काहीच चांगलं होणार नाही’ ही भावना दुःखापेक्षाही घातक असते, ही त्यांची मांडणी आजही मोलाची वाटते.

पण त्याआधी, १९८३ मध्ये, ॲलेक्स पोकॉर्नी यांनी ह्यूस्टनमधल्या ४,८०० माजी सैनिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाठपुराव्याच्या काळात त्यांतले ६७ जण आत्महत्येने गेले. उपलब्ध सगळ्या श्रेणी आणि सगळी माहिती वापरून केलेल्या भाकितात ३५ जण सापडले. सोबत १,२०६ जणांवर चुकीचा शिक्का बसला. इतक्या काटेकोर तपासणीनंतर ही अवस्था.

त्याच वर्षी ‘सॅड पर्सन्स’ ही दहा मुद्द्यांची यादी आली. ती वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी होती. लक्षात ठेवायला सोपी म्हणून ती जगभरच्या अपघात विभागांत पसरली. पुरुष असेल तर एक गुण, वय एकोणीसच्या खाली किंवा पंचेचाळीसच्या वर असेल तर एक, जोडीदार नसेल तर एक. आता आपल्याकडची तीस वर्षांची विवाहित बाई डोळ्यांसमोर आणा. या तिन्ही मुद्द्यांवर तिला शून्य. पण २०२२ मध्ये देशात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले होते. ज्या मोजपट्टीला आपल्याकडची सगळ्यात जास्त होरपळलेली माणसंच दिसत नाहीत, ती इथे जशीच्या तशी वापरणं मला धोक्याचं वाटतं.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन कसोट्या इथे वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. मोंढ्यातला काटा एकच पोतं तीनदा टाकलं तरी तीनदा तेच वजन दाखवत असेल, तर तो विश्वसनीय. पण दर वेळी दोन किलो कमीच दाखवत असेल, तर तो सप्रमाण नाही. दोन डॉक्टरांनी ‘सॅड पर्सन्स’ भरली आणि दोघांचे गुण जुळले, तरी त्यातून रुग्णाचा धोका कळलाच असं होत नाही.

विश्वसनीयतेची अडचण मात्र आपल्याकडे ओसरीवरच सुरू होते. आशाताई त्याच गावची, बऱ्याचदा भावकीतली. ती कागद काढून सुनेला विचारते, “जगणं नकोसं वाटतं का?” सासू शेजारी शेंगा फोडत बसलेली. सून म्हणते, “नाही बाई, तसलं काही नाही.” तीच सून दुपारी रानात एकटी भेटली तर वेगळं बोलू शकते. घरातल्या कर्त्या माणसाची गोष्ट निराळी. सरकारी कागद म्हणजे अनुदान किंवा कर्जमाफी, हा त्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. त्या हिशोबाने तो उत्तर जड करतो किंवा हलकं करतो. त्यात खोटेपणा शोधू नये. आजवर कागदाने त्याला जे शिकवलं, तेच तो करतो.

सप्रमाणतेला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो एका प्रश्नावर : “याआधी असा प्रयत्न केला होता का?” जवळजवळ प्रत्येक मोजपट्टीत या प्रश्नाला वजन आहे, आणि आपल्याकडे हीच गोष्ट सगळ्यात जास्त लपवली जाते. तालुक्याच्या दवाखान्यात नातेवाईक सांगतात, “फवारताना औषध पोटात गेलं.” कारण मागे पोलीस केस होती, आणि घरात लग्नाची मुलगी. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिलं. १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलंच नाही. कायदा बदलला, पण भीती अजून केसपेपरवर उतरते आणि खरा इतिहास ‘अपघात’ म्हणून नोंदला जातो.

दरम्यान जगात मोजपट्ट्यांवरचा भरवसा कमी होत गेला. कोलंबिया विद्यापीठातल्या केली पोस्नर आणि सहकाऱ्यांची श्रेणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. विचार, योजना, तयारी आणि प्रयत्न यांची भाषा तिने एकसारखी केली. हे तिचं मोठं काम. पण २०१६ आणि २०१७ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ‘अति जोखीम’ ठरवलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाच टक्केच पुढे आत्महत्येने गेल्याचं दिसलं, आणि झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे ‘कमी जोखीम’ गटातले होते. २०१७ मध्येच पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा आढावा आला. आपली भाकितं नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी आहेत, असं त्यातून निघालं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं : पुढची आत्महत्या ओळखण्यासाठी या श्रेणी वापरू नका, कुणाला उपचार द्यायचे हे त्यांच्या गुणांवरून ठरवू नका.

म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत का? तसं कुणीही म्हणत नाही. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात घुसतो, हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. विचारल्याने बोलायला वाट मिळते. गुणांवरून माणसाला घरी पाठवणं, ही खरी चूक.

या बाबतीत आपल्या सगळ्यात जवळचा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच शहरांत तो झाला. त्यांत चेन्नई आणि कोलंबो होते. प्रयत्नानंतर अपघात विभागात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी तासभर नीट बोलणं झालं आणि नंतर अठरा महिन्यांत ठरावीक अंतराने नऊ वेळा फोन किंवा घरभेट झाली. अठरा महिन्यांनी नेहमीच्या गटात २.२ टक्के जण आत्महत्येने गेले होते. संपर्कातल्या गटात ०.२ टक्के.

घरभेट हे काम मराठवाड्यात आशाताई आजही करतेच. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात प्रयत्नानंतर वाचलेला माणूस डिस्चार्ज घेऊन एसटीने गावी परततो, तेव्हा त्याच्या कागदावर पुढच्या नऊ भेटींच्या तारखा असायला हव्यात, आणि प्रत्येक भेटीचा मोबदला आशाताईला मिळायला हवा. शेजारी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक, जो मराठीतही बोलतो. आणि घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायची जबाबदारी घेतलेल्या माणसाचं नाव.