नो पार्किंगचे ई-चलान चुकीचे असेल तर आक्षेप कसा घ्यावा: नगरपरिषदेच्या शहरांतील वाहनधारकांसाठी

चलान चुकीचे वाटत असेल तर आधी पैसे भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार चलानाची रक्कम म्हणजे तडजोड शुल्क. ते भरले की त्या गुन्ह्यावर तडजोड झाली आणि प्रकरण तिथेच मिटले. ‘आत्ता भरून टाकू, अर्ज नंतर करू’ असे म्हणणाऱ्यांची हरकत पुढे कोणी ऐकून घेत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ऐकण्यासारखे काही उरलेलेच नसते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून नो पार्किंगसाठी कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १,५०० रुपये असा दर आहे. म्हणून न केलेल्या गुन्ह्याचे पहिले चलान कंटाळून भरले, तर पुढे खरोखर चूक झाल्यावर ती ‘दुसरी’ धरली जाऊ शकते. उलट चूक तुमचीच असेल, तर पाचशे रुपये भरून मोकळे होणे केव्हाही चांगले. आक्षेप घ्यायचा तो वस्तुस्थिती चुकीची असेल तेव्हाच.

चलान नेमके कोणाचे आहे?

मोबाइलवर आलेल्या संदेशातली लिंक दाबू नका आणि सोबत आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल) तर मुळीच उघडू नका. चलानाच्या नावाने अशा फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार सर्रास चालतात. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. तिथे वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की त्या गाडीवरची सगळी चलाने फोटोसह दिसतात. आरटीओच्या पथकाने केलेली कारवाई इथे सापडली नाही, तर केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावर पाहा. ज्या यंत्रणेने चलान केले तिच्याकडेच तक्रार द्यावी लागते. पोलिसांच्या चलानाचा अर्ज आरटीओत दिला तर तो नुसता पडून राहतो.

तिसरा प्रकार छोट्या शहरांत फार दिसतो. बाजारतळ, एसटी स्थानक किंवा देवस्थानाजवळ ठेकेदाराचा माणूस छापील पावती देऊन पैसे मागतो. हे चलान नव्हे, ते वाहनतळाचे शुल्क. त्याबद्दल वाद असेल तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि ठेक्याचा कार्यादेश, मंजूर दरपत्रक आणि ठेक्याची मुदत यांच्या प्रती मागा. पावतीवर ठेकेदाराचे नाव, अनुक्रमांक आणि दर नसेल, तर तिचा फोटो अर्जाला आवर्जून जोडा.

फोटो आणि कलम नीट वाचा

संकेतस्थळावरचे चलान आणि फोटो त्याच दिवशी उतरवून ठेवा. फोटोत पाच गोष्टी तपासा: क्रमांक पूर्ण वाचता येतो का, गाडीचा प्रकार आणि रंग तुमचाच आहे का, नो पार्किंगचा फलक दिसतो का, ठिकाण ओळखू येते का, आणि तारीख-वेळ जुळते का. अनेक चलाने फोटो काढून नंतर यंत्रात चढवली जातात, त्यामुळे वेळेत तफावत पडते. पोलीस कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवर असे फोटो काढू नयेत, असे आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने जुलै २०२५ मध्ये काढले आहेत. वेळेच्या तफावतीवर तुमचा आक्षेप उभा असेल, तर फोटो कोणत्या उपकरणाने काढला ही विचारणा अर्जात करा.

यानंतर कलम पाहा, कारण बचाव त्यावरच ठरतो. फलकावरचा नियम मोडल्याचा आरोप असेल तर ‘तिथे फलकच नव्हता’ हा मुद्दा चालतो. आरोप कलम १२२ चा, म्हणजे इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी उभी केल्याचा असेल, तर फलक नसल्याचा काही उपयोग नाही. चौकात, वळणावर, पुलावर, पदपथावर, बसथांब्यापाशी, शाळा-दवाखान्याच्या दारात, कोणाच्या फाटकासमोर किंवा उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी लावणे हे फलक असो वा नसो, नियमबाह्यच आहे. अशा वेळी अडथळा नव्हता हे दाखवणारा रुंद कोनातला फोटो हवा.

सम-विषम पार्किंगच्या रस्त्यावर, म्हणजे तारीख सम की विषम यावरून गाडी लावायची बाजू ठरते तिथे, पी-१ आणि पी-२ फलकांवरून बरेच वाद होतात. महिनाअखेरीस ३१ तारखेनंतर १ तारीख येते आणि दोन्ही विषम, त्यामुळे बाजू बदलत नाही. हे लक्षात न घेता गाडी हलवणारे आणि चलान करणारे, दोघांचीही गल्लत होते. चलान १ तारखेचे असेल तर आधी ही शक्यता तपासा.

अधिसूचना: सर्वात भक्कम मुद्दा

रस्त्यावर लोखंडी पाटी रोवली म्हणून तो पट्टा नो पार्किंग होत नाही. कलम ११५, ११६ आणि ११७ खाली अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याचा आदेश, म्हणजेच अधिसूचना, लागते, आणि वाहनतळाच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करणे कायद्यात आहे. बारामती, कऱ्हाड, संगमनेरसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे असा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात शोधावा लागतो. नगरपरिषदेचा ठराव वेगळा आणि अधिसूचना वेगळी. ठराव झाला, पाट्या लागल्या, पण अधिसूचना निघालीच नाही किंवा तात्पुरत्या आदेशाची मुदत कधीच संपली, असे असू शकते.

हे माहिती अधिकारातून कळते. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. शुल्क १० रुपये, न्यायालयीन मुद्रांक लावला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. मागणी अशी लिहा: ‘अमुक रस्त्यावर, अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत, अमुक तारखेला लागू असलेल्या नो पार्किंग आदेशाची साक्षांकित प्रत द्यावी.’ ‘नो पार्किंग का केले?’ असा प्रश्न विचारू नका. कारणे विचारणारे अर्ज सहज निकाली निघतात, कागद मागणारे निघत नाहीत. उत्तराला ३० दिवस असतात, म्हणून हा अर्ज तक्रारीच्या दिवशीच टाका.

गाडी तुमची नसेल, किंवा तुमची राहिली नसेल

फोटोत दुसरीच गाडी असेल तर दोन शक्यता. अंमलदाराने अंक चुकीचा टाकला असेल, तर तुमच्या गाडीचे पुढून, मागून आणि बाजूने काढलेले फोटो पुरतात. पण कोणी तुमचा क्रमांक बनावट पाटीवर लावून फिरत असेल, तर चलान हा त्यातला सर्वात लहान त्रास. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील. म्हणून आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडा: फास्टॅगचा उतारा, गॅरेजचे बिल, कामाच्या ठिकाणची नोंद.

गाडी विकूनही चलान तुमच्या नावावर येत असेल, तर आरसीवर अजून तुमचेच नाव आहे. कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते, त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. नुसता स्टॅम्पपेपरवरचा करार दाखवला तर नाव हटत नाही. तो पुरावा म्हणून जोडा, पण हस्तांतरण आधी पूर्ण करा. गाडी दुसरा कोणी चालवत होता, तर पोलिसांनी विचारल्यावर त्याची माहिती देणे कलम १३३ नुसार मालकाचे कर्तव्य आहे.

अर्ज कोण करू शकतो, काय जोडायचे

अर्ज आरसीवरच्या मालकाने करावा. दुसरा माणूस जाणार असेल तर मालकाचे सहीचे अधिकारपत्र, कंपनीची गाडी असेल तर कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्र, मालक हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा लागेल. सोबत चलानाची छापील प्रत, आरसी, विमा, ओळखपत्र आणि पुराव्याचे फोटो. जागेचे फोटो शक्य तितक्या लवकर काढा: एक गाडी उभी होती तिथून दोन्ही दिशांना, एक सर्वात जवळच्या फलकाचा, आणि फलक झाडाआड किंवा जाहिरातीमागे असेल तर चालकाच्या नजरेच्या उंचीवरून. मूळ फोटो मोबाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या प्रतीत तारीख-वेळेची मूळ माहिती टिकत नाही.

गाडी बंद पडली होती किंवा रुग्णाला उतरवले होते, तर मेकॅनिकचे बिल किंवा दवाखान्याचा केसपेपर त्याच वेळेचा हवा. वेळ नसलेल्या बिलाला फारशी किंमत मिळत नाही.

अर्जाचा मजकूर अर्ध्या पानापेक्षा मोठा नको:

‘प्रति, पोलीस निरीक्षक, जिल्हा वाहतूक शाखा. विषय: चलान क्र. ___, दि. ___, वाहन क्र. ___ रद्द करणेबाबत. महोदय, वरील चलान ___ रस्त्यावर नो पार्किंगमध्ये वाहन उभे केल्याबद्दल करण्यात आले आहे. सदर ठिकाणी त्या दिवशी नो पार्किंगचा फलक नव्हता (फोटो १ ते ३). चलानासोबतच्या छायाचित्रातही फलक दिसत नाही. मी रक्कम भरलेली नाही व गुन्हा मला मान्य नाही. तरी चलान रद्द करावे, किंवा सदर ठिकाणच्या आदेशाची प्रत देऊन लेखी उत्तर द्यावे.’

एका अर्जात एकच मुख्य मुद्दा मांडा. ‘फलक नव्हता, आणि होता तर दिसला नाही, आणि मी दोनच मिनिटे थांबलो होतो’ असे लिहिले की तिन्ही वाक्ये एकमेकांना खोडतात.

कुठे द्यायचा

महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावरच्या किंवा अॅपमधल्या तक्रार विभागात चलान क्रमांक टाकून आक्षेप नोंदवा आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्याशिवाय कागदी अर्जही दोन प्रतींत द्या, एक वाहतूक शाखेला आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन तुमच्याकडे. रस्त्यावरच्या अंमलदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. यंत्रात गेलेले चलान त्याला तिथे पुसता येत नाही. आक्षेपासाठी चलानावर किंवा नोटिशीत मुदत छापलेली असेल तर ती काटेकोर पाळा, नसेल तरी आठवड्याच्या आत अर्ज गेलेला बरा.

तक्रार फेटाळली तर

चलान आभासी (ऑनलाइन चालणाऱ्या) न्यायालयाकडे गेले, तर ई-कोर्टाच्या आभासी न्यायालय संकेतस्थळावर महाराष्ट्र वाहतूक विभाग निवडून चलान किंवा वाहन क्रमांकाने प्रकरण उघडते. तिथे दोन पर्याय असतात: प्रस्तावित दंड भरणे, किंवा प्रकरण लढवणे. दुसरा निवडला की प्रकरण हद्दीतल्या नियमित न्यायालयाकडे जाते. समन्स आले तर स्वतः हजर राहता येते, वकील सक्तीचा नाही. कलम २०८ खालच्या समन्समध्ये टपालाने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवण्याची सोय असते. ती वापरली तर कबुली झाली, हे पक्के समजा. हजर झाल्यावर ‘गुन्हा नाकबूल’ सांगा. आरोप सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम आहे, आणि छायाचित्रासारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंनाही तोच नियम.

ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी अशी मर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. कलम ५१९ खाली न्यायालय विलंब माफ करू शकते. त्यामुळे जुन्या चलानावर हा मुद्दा न्यायालयात जरूर मांडा, पण सहा महिने उलटले म्हणून चलान संकेतस्थळावरून आपोआप जाईल असे समजू नका; ते दिसतच राहते.

लोकअदालतीची नोटीस आली की अनेक जण तिथे निर्दोषत्व सिद्ध करायला जातात. लोकअदालत त्यासाठी नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. चलान बरोबर असून थकबाकी साठली असेल तर तिथे जा. चलान चुकीचे असेल तर तडजोडीवर सही करू नका, प्रकरण न्यायालयातच चालू द्या.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी आदेशाची साक्षांकित प्रत घेऊन वाहतूक शाखेत द्या आणि तिथलीही पोच घ्या. काही दिवसांनी संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून बाकी शून्य दिसते का पाहा. दिसत नसेल तर आदेशाची प्रत जोडून त्याच तक्रार क्रमांकाचा संदर्भ देत पुन्हा लिहा. गाडी विकताना किंवा हस्तांतरणाच्या वेळी जुने चलान वर आले, तर हीच प्रत दाखवावी लागते.