आय खुणेची गिनी

मुंबईचे सराफ ज्याला गिनी म्हणतात ते म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, वजन 7.98 ग्रॅम, सोनं 22 कॅरेट. एका बाजूला राजा नाहीतर राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावर सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन, हे चित्र पिस्त्रुची या कोरीवकाराने 1817 च्या नाण्यासाठी केलेलं.

आय खुणेची, म्हणजे टांकसाळ ओळखायला इंग्रजी I अक्षर असलेली, जुनी गिनी एकाच सालची, 1918. पहिल्या महायुद्धात सोनं बोटीने लंडनला पाठवणं जोखमीचं झालं होतं म्हणून रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, मुंबईच्या फोर्टमधल्या सरकारी टांकसाळीतच आपली शाखा उघडली आणि 1919 मध्ये ती बंदही केली. तेवढ्यात सुमारे 13 लाख गिन्या पडल्या. आय म्हणजे इंडिया, खूण अगदी बारीक, घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या वर मधोमध, भिंगाशिवाय सहज सापडत नाही.

खरा घोळ आहे तो 1918 च्याच सोन्याच्या मोहरेचा. मुंबईतच पडलेली, वजन आणि कस गिनीइतकाच, नग सुमारे 21 लाख. गिनीचं सगळं सामान लंडनहून येईपर्यंत काम अडू नये म्हणून मोहर पाडली असं सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण त्या आधीपासून सरकारी हिशोबात गिनी 15 रुपयांची धरत आणि मोहरेवर तीच किंमत छापलेली आहे. काही संग्राहक दोन्ही एकाच शाखेच्या खात्यात टाकतात. पण गिनीवर किंमत कुठेच नसते, मोहरेवर रुपये आहेत, त्यामुळे मोहर हिंदुस्थान सरकारच्या नाण्यांत धरणं जास्त बरोबर वाटतं.

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची टांकसाळ गव्हर्नर ऑन्जियरच्या काळात, 1671-72 च्या सुमारास सुरू झाली असावी, काहीजण 1676 च्या राजाच्या सनदेपासून मोजतात. शहीद भगतसिंग मार्गावरची आत्ताची इमारत 1824 ते 1829 मधली, मेजर जॉन हॉकिन्सने बांधलेली.

2013 पासून आय खूण परत आली, पण ही नवी गिनी एमएमटीसी-पॅम्प या सोनं शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या हरियाणातल्या कारखान्यात पडते, तिला मुंबईची म्हणून विकणं चूक आहे. वारसा मात्र फोर्टचाच, आणि हे मुंबईकरांनी ठासून सांगायला हवं.

जुनी घेताना कड नीट बघा. कित्येक गिन्या दागिन्यात गेल्या, कडी काढून घासली तरी डाकाचा डाग आणि कडेचे बुजलेले दाते राहतात, मग सोन्याचा भाव मिळतो पण संग्राहकाचा नाही.