गालापागोसची बोट ठरवण्याआधी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गालापागोसच्या बोटसफरीची चौकशी बहुतेक वेळा केबिनपासून सुरू होते. बाल्कनी आहे का, खिडकी केवढी, जेवणाचा हॉल कसा आहे. आमचं सांगणं असं, की आधी बोटीचा मार्ग बघा, मग महिना, आणि केबिन सगळ्यात शेवटी. ठाण्याहून दारापासून दारापर्यंत जवळजवळ दीड दिवसाचा प्रवास करून जायचं आणि ज्या पक्ष्यासाठी गेलो तो त्या मार्गावर नव्हताच, असं कोणाचंही होऊ नये.

मार्ग एवढा महत्त्वाचा का

ही बेटं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात आहेत. मोठी बेटं १३. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवर ती तयार होतात आणि खालच्या भूपट्टासोबत हळूहळू पूर्वेकडे सरकतात. म्हणून पूर्वेची एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल ही बेटं जुनी, झिजलेली, बसकी आहेत, तर पश्चिमेची इसाबेला आणि फर्नांडिना तरुण, उंच आणि अजून जागी आहेत. इसाबेलावरचा वुल्फ ज्वालामुखी २०२२ मध्ये फुटला, फर्नांडिनाचा २०२४ मध्ये. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातला काळा कातळ आणि सांतियागो बेटावरचा काळा लाव्हा एकाच जातीचे, दोन्ही बेसॉल्ट. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, झाडाझुडपांनी झाकलेला. तिथला मात्र थिजलेल्या जाड दोरांसारखा उघडा पडलेला, आणि काही ठिकाणी इतका धारदार की पातळ तळव्याची चप्पल फाटते.

प्रत्येक बेटाचं वय, उंची आणि पाऊस वेगळा, म्हणून प्राणीही वेगळे. न उडणारा पाणकावळा जगात फक्त फर्नांडिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहे. पेंग्विनही मुख्यतः तिथेच, कारण पश्चिमेकडून समुद्राखालून येणारा थंड प्रवाह या बेटांना थडकून वर येतो आणि मासळी घेऊन येतो. अल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी हवा असेल तर दक्षिणेचं एस्पान्योला. लाल पायांचे बूबी, हेही समुद्रपक्षीच, मोठ्या संख्येने बघायचे तर ईशान्येचं हेनोवेसा. महाकाय कासवं मोकळ्या रानात बघायला सांता क्रूझच्या डोंगरमाथ्यावरची ओली जमीन उत्तम. निळ्या पायांचे बूबी, समुद्रसिंह आणि समुद्री इग्वाना (पाण्यात पोहणारे मोठे सरडे) मात्र बहुतेक मार्गांवर भेटतातच, त्यांची काळजी करू नका.

आता खरी अडचण. बोटीने कुठे, कधी थांबायचं हे राष्ट्रीय उद्यानाचं प्रशासन ठरवून देतं, आणि एकाच बोटीला तीच जागा १४ दिवसांच्या आत पुन्हा मिळत नाही. त्यामुळे बोटीचा पूर्ण फेरा दोन आठवड्यांचा असतो आणि कंपन्या त्याचे ४, ५ किंवा ८ दिवसांचे तुकडे करून विकतात. बोट तीच, कप्तान तोच, पण या आठवड्यात पश्चिमेचा फेरा आणि पुढच्या आठवड्यात दक्षिणेचा. सात रात्रींत सगळं दाखवतो असं कोणी सांगितलं तर त्या तारखेचा थांब्यांचा कागद मागा. जाहिरातीतला फोटो नव्हे, थांब्यांची नावं वाचा. ४ दिवसांच्या सफरीत पहिला आणि शेवटचा अर्धा दिवस विमानतळावरच जातो. एवढ्या लांबून जाणाऱ्याला ती आम्ही सुचवत नाही.

मे की दिवाळी

शाळांच्या सुट्ट्या धरून बहुतेकांचे हेच दोन पर्याय. मे महिना आमच्या मते सर्वात चांगला: समुद्र बऱ्यापैकी शांत, पाणी उबदार, पावसाळा संपत आलेला आणि अल्बट्रॉस एस्पान्योलावर चोचीला चोच आपटत नाच करत असतात. दिवाळीच्या सुमारास आभाळ दुपारपर्यंत ढगाळ आणि पाणी गार, पश्चिमेला तर २० अंशांच्या आसपास. पण समुद्रसिंहांची पिल्लं तेव्हाच बघायला मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र सर्वात खवळलेला, ज्यांना बोट लागते त्यांनी टाळावा. जानेवारी ते मार्च अल्बट्रॉस खुल्या समुद्रावर असतात, तेव्हा त्यांच्यासाठी एस्पान्योलाचा हट्ट धरू नका.

कागदपत्रं आणि लस

पीतज्वराची लस सर्वात आधी. भारत सरकारच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत इक्वेडोर आहे, त्यामुळे परत येताना मुंबई विमानतळावर पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा वय ६०च्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. ही जिवंत विषाणूची लस आहे, सरसकट कोणालाही देत नाहीत.

मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की लगेच काढू नका. इक्वेडोरची राजधानी क्विटो २,८५० मीटर उंचीवर आहे, पहिल्या रात्री डोकं दुखतं, दम लागतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना आम्ही समुद्रसपाटीवरच्या ग्वायाकिल शहरामार्गे पाठवतो. कुठूनही गेलात तरी बोटीच्या किमान एक दिवस आधी पोहोचा. विमान चुकलं म्हणून बोट थांबत नाही.

बेटांच्या विमानात बसण्याआधी क्रम असा: प्रथम ट्रान्झिट कंट्रोल कार्ड (बेटांवर जाण्याचं प्रवेशकार्ड), मग जैवसुरक्षेच्या काउंटरवर सामानाची तपासणी आणि सील, त्यानंतर विमान कंपनीचा काउंटर. उलट केलंत तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. बेटावर उतरल्यावर उद्यानाचं शुल्क रोख डॉलरमध्ये भरायचं. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना ते २०० डॉलर आहे, १२ वर्षांखालील मुलांना १००. फाटकी, शाई लागलेली नोट नको.

डब्याचं काय

ताजी फळं, बिया, कच्चे शेंगदाणे, सुपारी, विड्याची पानं, देवाची फुलं, तुळशीची माळ यातलं काहीही नेऊ नका. एका बीमुळे बेटावर परकं झाड रुजतं आणि स्थानिक झाडाची जागा घेतं, भीती त्याचीच आहे. घरचे लाडू-चिवडा मुख्य भूमीवरच संपवा. तीळ किंवा मेथी दिसली की तपासणीत अडकायला होतं. निर्जन बेटांवर खाणं न्यायला मनाईच आहे.

शाकाहारी म्हटलं की तिकडे मासे चालतील असं समजणारे स्वयंपाकी भेटतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस नको, चिकन नको, मासे नकोत, हे पाठ करा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. बोट निघाल्यावर वाटेत बाजार नाही.

बोटीवर आणि बेटावर

दिवसातून दोनदा उतरायचं, सकाळी नाश्त्यानंतर आणि दुपारी तीनच्या सुमारास. एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ जण. बोट लांब थांबते आणि ‘पांगा’ नावाच्या छोट्या रबरी होडीतून किनारा गाठायचा. पांगात चढताना-उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत. खलाशाचा पंजा धरू नका, त्याचं मनगट धरा आणि तो तुमचं धरेल. ओला हात पंज्यातून निसटतो, मनगटाची पकड निसटत नाही. कोरड्या उतरणीला खडकावर पाय ठेवायचा, तिथे शेवाळ असतं, म्हणून पकडीचे बूट. ओल्या उतरणीला होडीच्या काठावर बसून पाय बाहेर फिरवायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं.

प्राण्यांपासून २ मीटर अंतर ठेवा. समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःहून जवळ आलं तर मागे सरका. त्याला माणसाचा वास लागला तर आई त्याला नाकारेल अशी भीती असते. फ्लॅश आणि ड्रोन चालत नाहीत. काळ्या खडकावर शेकडो इग्वाना एकमेकांवर पाय टाकून ऊन खात पडलेले असतात आणि मधूनच एखादा नाकातून पांढरी पिचकारी मारतो. ते समुद्राच्या पाण्यातलं जादा मीठ आहे, तुमच्यावर राग नाही.

बोट लागते का हे ऐरोलीच्या फ्लेमिंगो सफरीत कळत नाही, खाडी फार शांत असते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरून बघा. मळमळलं तर केबिन खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी घ्या, तिथे हेलकावा सर्वात कमी. वरची बाल्कनीची खोली महाग आणि जास्त हलणारी. गोळी मळमळायला लागल्यावर उपयोगाची नाही, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या तासभर आधी घ्या, आणि कोणती ते डॉक्टरांना विचारून.

पोहता येत नसेल तर स्नॉर्केलिंगच्या (मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघण्याच्या) वेळी पांगात बसून राहता येतं. पाण्यात उतरणाऱ्यांनी वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब देणारा पोशाख, घ्यावाच. मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपतं, नाकाखालची कड थोडी कातरून घ्या. चष्म्याच्या नंबरचा मास्क बोटीवर मिळेलच असं नाही.

तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची आणि पिन दोन चपट्या पात्यांची. मोबाइलचे चार्जर चालतात, आपली पाण्याची किटली चालत नाही.

कार्यालयात येताना पासपोर्ट, सुट्टीच्या तारखा आणि जे प्राणी बघायचेच आहेत त्यांची नावं घेऊन या. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असेल तर तोही मोकळेपणी सांगा, त्यानुसार थांबे निवडता येतात.