सेसिलियाच्या हातात आधी अर्मिन नव्हता

पोलंडमधल्या क्राकूव शहरात लिओनार्दो दा विंचीचं एक लहानसं चित्र आहे. अक्रोडाच्या फळीवर तैलरंगात काढलेलं, जेमतेम 54 बाय 39 सेंटिमीटरचं. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याची प्रेयसी सेसिलिया गालेरानी त्यात आहे, वय सोळा-सतरा. लिओनार्दो लुदोविकोच्याच पदरी होता. काळ साधारण 1490चा. तिच्या हातात पांढरा अर्मिन आहे. हा मुंगसासारखा लांबोडका प्राणी थंडीत पांढरा होतो.

2014 मध्ये फ्रेंच अभियंता पास्काल कोत याने सांगितलं, की हा अर्मिन नंतर आला. त्याने चित्रावर प्रखर प्रकाश टाकून परतणारा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींत मोजला. निळा प्रकाश बहुतेक वरच्या थरांतूनच परततो. अवरक्त किरण मात्र अनेक रंग पार करून खोल जातात आणि तळाशी कोळशाची रेघ असली तर ती त्यांना शोषून घेते, म्हणून प्रतिमेत ती काळी उठून दिसते. असे थर ताडून कोतने निष्कर्ष काढला: आधी नुसती सेसिलिया, मग हातात सडपातळ करडा प्राणी आणि शेवटी आजचा भरदार पांढरा अर्मिन. सगळ्याच अभ्यासकांना हे पटलेलं नाही. पण 1488 मध्ये नेपल्सच्या राजाने लुदोविकोला अर्मिनच्या नावाचा मानाचा किताब दिला होता, हे लक्षात घेतलं की बदलामागचं कारण मला तरी पटतं. प्रियकरच तिच्या हातात विसावला आहे!

त्याआधीच्या तपासणीत चेहऱ्याच्या रेषांवर बारीक ठिपके सापडले होते. आपल्याकडे भरतकामाचा नमुना सुईने टोचून त्यावरून नीळ फिरवतात, तसाच लिओनार्दोने टोचलेल्या कागदातून कोळशाची पूड झिरपवून खाका उतरवला होता. रंगात त्याच्या बोटांचे ठसेही आहेत. ओला रंग तो बोटांनीच मऊ करत असे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बोटांचा दाब अजून तिथे आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नंतरच्या हातांनी मात्र चित्राचं नुकसान केलं. सेसिलियाच्या डोक्यावर पारदर्शक ओढणी होती. तिच्यावर केसांचा रंग चढवला गेल्यामुळे आता केसच हनुवटीखाली बांधल्यासारखे दिसतात. मागची पार्श्वभूमी मुळात निळसर करडी होती. तिथे सपाट काळा रंग फासला गेला आणि खांद्याची कड उगाचच धारदार झाली.