टायमिंग बेल्ट बदलणे

इंजिनातील क्रँकशाफ्टची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची) गती कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) नेणाऱ्या दातेरी रबरी पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. ठरलेल्या मुदतीत तो काढून नवा बसवणे हे जुन्या मोटारीच्या देखभालीतील सर्वांत महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे. इतर बरेच भाग बिघडण्याआधी आवाज करतात, गळतात, तापतात. हा पट्टा मात्र बहुधा कसलीही चाहूल न देता तुटतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पण पिस्टन वेगात वर येतच राहतात. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या वाटा एकमेकींना छेदतात, तिथे उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते. अशा वेळी गाडी चालू होते का हे पाहायला पुन्हा सेल्फ मारू नये. वाचलेले व्हॉल्व्हही त्यात जातात.

हा पट्टा मोटारीत रुजवला तो बव्हेरियातील डिंगोल्फिंगच्या ग्लास कंपनीने, १९६२ च्या ग्लास १००४ या गाडीत. १९६६ मध्ये फियाटने १२४ स्पोर्टच्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनाला तो दिला. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या जुन्या पेट्रोल इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी होती. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाबरोबर हा पट्टा आपल्याकडील घराघरांतल्या गाडीत पोहोचला.

पट्ट्याच्या आत काचतंतूंचे दोर असतात आणि बाहेरून कृत्रिम रबर. मुदत इंजिनागणिक वेगळी, साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर. त्याबरोबर वर्षांचीही मर्यादा दिलेली असते. ही दुसरी मर्यादा सर्रास विसरली जाते. सोसायटीत उभ्याच राहणाऱ्या, कमी पळालेल्या जुन्या गाडीचे रबरही कडक होते, त्याला दातांच्या मुळाशी चिरा जातात. ऑइल सील गळून पट्ट्यावर तेल आले, तर तो त्याहून लवकर जातो. पट्टा वरून चांगला दिसतो म्हणून तो चांगला आहे असे धरता येत नाही. (बॉनेटखालून येणारा चीं-चीं आवाज बहुतेकदा अल्टरनेटरच्या पट्ट्याचा असतो, याचा नव्हे.)

कामाची सुरुवात बॅटरीची तार काढून होते. बाहेरचे पट्टे, क्रँक पुली आणि कव्हर उतरवल्यावर पहिला पिस्टन सर्वांत वर आणून क्रँक व कॅम पुलीवरच्या खुणा जुळवतात. यालाच गॅरेजमध्ये ‘टायमिंग लावणे’ म्हणतात. रेनोच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात, म्हणजे आपल्याकडील लोगन आणि डस्टरमध्ये, क्रँक व कॅम जागेवर धरायला खास पिना लागतात. नुसत्या नजरेवर भागत नाही. मग टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) सैल करून जुना पट्टा काढतात. नवा पट्टा मुडपू किंवा पिळू नये आणि स्क्रू-ड्रायव्हरने रेटून बसवू नये, कारण आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

टेन्शनर आणि आयडलर (पट्ट्याला वाट देणारी मोकळी पुली) याच वेळी बदलावेत. वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही बदलावा: जुन्या पंपाचे बेअरिंग धरले, तर नवा पट्टाही जातो. मजुरी तीच पडते, त्यामुळे इथली काटकसर खोटी. ताण सैल राहिला तर दात उडी मारतो. जास्त झाला तर बेअरिंग झिजते.

शेवटी पान्याने क्रँक हातानेच पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या. मध्येच काही अडले, तर जोर न लावता थांबून परत जुळवायचे. एका दाताची चूकसुद्धा इंजिनाची ताकद घटवते आणि आयडलिंग बिघडवते. काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी कव्हरवर चिकटवावी. जुनी गाडी विकत घेताना अशी चिठ्ठी किंवा बिल मिळाले नाही, तर मुदत संपलेलीच समजून पट्टा आधी बदलावा.